वाचलेलं राहत नाही, कारण ते परत मागितलंच जात नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वय ३८, बँकेत क्लार्क, अधिकारीपदाची अंतर्गत परीक्षा तीन महिन्यांवर आलेली. सांगलीहून तासगावकडच्या शाखेत जायला-यायला मिळून रोज दीड तास बस. रात्री साडेअकराला झोपून पहाटे चारला उठता. एकेक प्रकरण तीन-तीनदा वाचून झालंय, हायलायटरने पानं पिवळी झाली आहेत, आणि चार दिवसांनी कुणी विचारलं तर पाटी कोरी. अभ्यासाला बसलं की दहा मिनिटांत हात फोनकडे जातो. घरी दूध उतू जातं, किल्ल्या सापडत नाहीत. आजीला शेवटची काही वर्षं स्मृतिभ्रंश होता, त्यामुळे मनात धास्ती. आणि मुलाला स्मरणशक्तीचं सिरप द्यावं का, हाही एक प्रश्न.

त्याशिवाय तुम्ही जाता जाता दोन गोष्टी लिहिल्या आहेत: पायांना मुंग्या येतात, आणि ॲसिडिटीची गोळी दोन वर्षं रोज सकाळी चालू आहे. घरात पूर्ण शाकाहार आहे, हेही लिहिलंय. मी बावीस वर्षं समुपदेशन करते आहे. माझ्यासाठी तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच. म्हणून अभ्यास नंतर, आधी रक्ततपासणी.

बी-१२ हे जीवनसत्त्व नसांच्या आवरणासाठी आणि रक्तपेशी तयार होण्यासाठी लागतं. वनस्पतींत ते जवळजवळ नसतंच. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताकातून थोडंफार मिळतं, पण अन्नातून ते सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं, आणि पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या नेमकं ते आम्लच कमी करतात. मधुमेहाच्या मेटफॉर्मिननेही बी-१२ कमी होतं. कमतरता हळूहळू वाढते: थकवा, मुंग्या, चिडचिड, शब्द न आठवणं, लक्ष न लागणं. माणसाला वाटतं, वय झालं किंवा ताण आलाय. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक आले होते. घरच्यांनी 'बाबांचं आता असंच' म्हणून वर्षभर सोडून दिलेलं. तपासणीत बी-१२ अगदी खाली निघालं. उपचार सुरू झाल्यावर काही महिन्यांत ते पुन्हा स्वतः पेन्शनचा हिशेब ठेवायला लागले. सगळ्यांचंच इतकं भरून येत नाही. उशीर झाला तर नसांची इजा काही प्रमाणात राहून जाते. म्हणून घाई करा म्हणते.

तेव्हा या आठवड्यात फॅमिली डॉक्टरांकडे जा आणि बी-१२, हिमोग्लोबिनसह सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), थायरॉइडसाठी टीएसएच आणि साखर एवढ्या तपासण्या करून घ्या. बी-१२ साधारण २०० पिकोग्रॅम प्रति मिलीलिटरच्या खाली असेल तर ती कमतरता समजतात, आणि त्याच्या थोडं वर असलं तरी मुंग्या येत असतील तर डॉक्टर उपचाराचा विचार करतात. औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणून सुरू करू नका. त्याने रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान मात्र आत चालूच राहतं. ॲसिडिटीची गोळीही आपल्या मनाने बंद करू नका. ती खरंच अजून लागते का, हे डॉक्टरांना विचारा.

आता दूध आणि किल्ल्या. याला आपण विसरणं म्हणतो, पण किल्ल्या ठेवतानाच लक्ष दुसरीकडे होतं, म्हणजे 'किल्ली कुठे ठेवली' ही नोंद मुळात झालीच नाही. जे लिहिलंच नाही ते पुसलं कसं जाईल? त्यामुळे यासाठी स्मरणशक्ती वाढवण्याच्या मागे लागू नका. किल्लीला एक खिळा द्या, आणि घरात शिरल्यावर चप्पल काढायच्या आधी किल्ली त्या खिळ्याला, एवढंच पाळा. पंधरा-वीस दिवसांत हात आपोआप तिकडे जातो.

दुधाची गोष्ट वेगळी. 'पाच मिनिटांनी गॅस बंद करायचा आहे' हे पुढचं काम लक्षात ठेवणं आहे, आणि त्यासाठी आपल्या आज्यांनी पदराला गाठ मारायची युक्ती काढली होती. खूणगाठ हा शब्द तिथलाच. गाठ हाताला लागली की काम आठवायचं. तेच करा: दूध तापत ठेवून स्वयंपाकघराबाहेर जायचं असेल तर पळी हातात घेऊन जा. हातात पळी घेऊन कुणी कपड्यांच्या घड्या घालत बसत नाही, ती पळी तुम्हाला परत ओट्याशी आणते. डोक्यावर सगळा भार टाकण्यापेक्षा तो वस्तूवर टाकणं केव्हाही शहाणपणाचं.

आता मुख्य गोष्ट, अभ्यास. इथे मला जरा जास्त वेळ घ्यायचा आहे, कारण तुमची मेहनत खरी आहे आणि ती चुकीच्या जागी चालली आहे.

तुम्ही प्रकरण तिसऱ्यांदा वाचता तेव्हा ते ओळखीचं वाटतं. वाक्य पुरं व्हायच्या आत पुढचं कळतं, आणि मन म्हणतं, 'हे येतं मला'. हा ओळखीचा भास आहे. शेजारच्या गल्लीतला चेहरा आपण हजार वेळा बघितलेला असतो, पण डोळे मिटून त्याचं वर्णन करायला बसलं की काही सांगता येत नाही, तसंच हे. परीक्षेत पुस्तक समोर नसतं. तिथे आतून बाहेर काढावं लागतं. आणि बाहेर काढायचा सराव तुम्ही एकदाही केलेला नाही.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला. त्याने निरर्थक अक्षरगट पाठ केले आणि किती टिकतं ते पाहिलं. पहिल्या तासाभरातच निम्म्याहून जास्त निसटलं, दिवसाने साधारण तिसरा हिस्सा उरला, आणि त्यानंतरची घसरण मंदावली. म्हणजे चार दिवसांनी पाटी कोरी दिसणं हा तुमचा दोष नाही, माणसाचा मेंदू असाच चालतो. मग टिकतं कशाने? २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी मिटून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र पालटलं: आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के आलं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. पुन्हा वाचण्याने लगेच बरं वाटतं, म्हणून आपण ते सोडत नाही.

आपल्याकडे हे घराघरात होत होतं. दिवेलागणीला शुभंकरोति झालं की परवचा. पुस्तक बंद, मांडी घालून बसायचं आणि पाढे, पावकी, निमकी, दिडकी (म्हणजे पाव, अर्धा, दीड यांचे पाढे), महिने, नक्षत्रं तोंडाने म्हणायची. रोज, न बघता. माझ्या वडिलांना ऐंशीव्या वर्षीही अडीचकी येत होती. परवच्यात एक उणीवही होती. मुलाला मधूनच 'सात आठे?' विचारलं की तो 'सात एके सात'पासून सुरू करायचा. क्रमाने पाठ केलेलं क्रमानेच बाहेर येतं. म्हणून आमच्या शाळेतल्या बाई उलटसुलट विचारायच्या, आणि ज्या मुलांना असं विचारलं जायचं त्यांचे पाढे खऱ्या अर्थाने त्यांचे व्हायचे.

तुमच्या परीक्षेतलंच उदाहरण घेऊन दाखवते. परक्राम्य संलेख कायदा १८८१, कलम १३८, चेक न वटल्याचं. पान एकदाच वाचा, सावकाश. मग पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर लिहा: चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून किती दिवसांत नोटीस? ३०. नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला किती दिवस? १५. तेही गेले तर तक्रार किती मुदतीत? एक महिना. शिक्षा? दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या वेळी यातलं निम्मं आठवेल. अडलात की लगेच पुस्तक उघडू नका. अर्धा-एक मिनिट ताण द्या, चुकीचं का होईना पण काहीतरी लिहा, मग पडताळा आणि चूक लाल पेनाने दुरुस्त करा. तो अडून बसलेला एक मिनिट फुकट गेला असं वाटतं, पण खरं शिकणं त्या मिनिटातच होतं.

मग सरफेसी कायदा, २००२, बँकेच्या थकीत कर्जवसुलीचा. थकबाकीदाराला नोटिशीचे ६० दिवस. त्याच्या हरकतीला बँकेचं उत्तर १५ दिवसांत. पुढे बँकेच्या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जायला ४५ दिवस. बघा, १५ हा आकडा दोन्हीकडे आला. एक दिवस फक्त १३८ आणि दुसऱ्या दिवशी फक्त सरफेसी केलंत तर परीक्षेत हे आकडे एकमेकांत मिसळणार. म्हणून दोन्हींचे प्रश्न एकाच गठ्ठ्यात मिसळा. पत्त्याच्या पानाएवढी कार्डं कापा, पुढे प्रश्न, मागे उत्तर. 'चेक: नोटिशीनंतर पैसे द्यायला?' 'सरफेसी: हरकतीला उत्तर?' अशी उलटसुलट. मिसळून केल्यावर त्या दिवशी जास्त चुका होतात आणि मन खट्टू होतं. तरी सोडू नका.

ही कार्डं बसमध्ये घेऊन जा. दीड तास फार मोठा वेळ आहे, आणि हलत्या बसमध्ये पुस्तक वाचणं तसंही डोळ्यांना त्रासाचं. कार्डावरचा प्रश्न एकदा बघायचा, मग खिडकीबाहेर बघत मनात उत्तर द्यायचं, मग मागची बाजू. जे आलं ते मागच्या कप्प्यात, जे अडलं ते पुढच्या कप्प्यात. घरी पोचेपर्यंत पुढच्या कप्प्यात जी सात-आठ कार्डं उरतील, तीच रात्रीची उजळणी.

उजळणी केव्हा करायची, हेही ठरवून ठेवा. एका दिवसात पाच वेळा करण्यापेक्षा पाच वेगळ्या दिवशी एकेकदा केलेली कितीतरी जास्त टिकते. तीन महिने आहेत म्हणून मी असा टप्पा सुचवते: त्याच रात्री, दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, दहाव्या दिवशी, मग महिन्याने. थोडं विसरायला लागल्यावर परत आठवायचं. तारखा प्रकरणाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा, त्या लक्षात ठेवत बसू नका.

आता पहाटे चारचं बघू. मला कळतंय की मुलं झोपलेली असताना तेवढाच वेळ तुमचा असतो. पहाटेचा अभ्यास चांगला, पण तो नऊला झोपणाऱ्याला. साडेअकराला झोपून चारला उठणं म्हणजे साडेचार तास झोप, आणि एवढ्या झोपेत आधी केलेलंही वाया जातं. दिवसभरात शिकलेलं पक्कं करण्याचं काम मेंदू गाढ झोपेत करतो. हिप्पोकॅम्पस या भागात तात्पुरतं ठेवलेलं तो पुन्हा पुन्हा उगाळून कायमच्या जागी हलवतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांना सलग १४ दिवस रोज सहाच तास झोपू दिलं. शेवटी त्यांची एकाग्रता एक-दोन रात्री जागलेल्या माणसांइतकी घसरली होती, आणि आपण किती घसरलो आहोत हे त्यांना स्वतःला कळतच नव्हतं. तुम्ही तर सहा तासही झोपत नाही. दहा मिनिटांत लक्ष उडण्याचं अर्धं कारण मला इथेच दिसतं.

साडेदहाला दिवा बंद आणि साडेपाचला जाग, एवढं बसवा. पहाटेचा दीड तास जाईल. त्याऐवजी बसमधला वेळ आणि पहाटेची ताजी पाऊण तासांची बैठक मिळेल, आणि ती पाऊण तास खरी असेल. संध्याकाळी बँकेतून आल्यावरचा सातचा चहा पाचच्या आत आणा. चहा-कॉफीतलं कॅफीन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. रात्रीच्या भांडी-डब्यांच्या, गृहपाठाच्या घाईत हे जमवायला घरच्यांचा हात लागेल. तो स्पष्ट मागा. नवऱ्याने तीन महिने रात्रीचं आवरणं अंगावर घेतलं तर तुमच्या तयारीला जेवढा फायदा होईल, तेवढा माझ्या कुठल्याही सल्ल्याने होणार नाही.

फोनबद्दल तुम्ही 'मनावर ताबाच नाही' असं लिहिलंय. मनाला एवढं बोल लावू नका. टेबलावर पालथा ठेवलेला फोनही मनात बोलत असतो. बैठकीच्या वेळी तो दुसऱ्या खोलीत, शक्यतो कपाटात ठेवा. गजरासाठी साधं घड्याळ आणा. सुरुवात पंचवीस मिनिटांनी करू नका, आज जेवढं जमतं त्याच्यापेक्षा दोन मिनिटं जास्त, म्हणजे बारा. घड्याळ लावा, बारा मिनिटं एकच प्रकरण, मग उठून पाणी प्या, खिडकीशी उभ्या राहा, पुन्हा बारा. दर तीन-चार दिवसांनी दोन मिनिटं वाढवा. मधेच 'वीजबिल भरायचंय', 'ताईला फोन करायचाय' असं उगवलं की शेजारच्या कागदावर दोन शब्द टिपा आणि परत या. कागदावर उतरलं की ते मनात टोचत राहत नाही. महिन्याभरात बारा मिनिटांची बैठक पंचवीस-तीसवर गेलेली मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिली आहे.

बँकेतही एक गोष्ट करा. कर्जाची फाईल तपासत असताना काउंटरवर ग्राहक येतो, तुम्ही उठता, परत आल्यावर 'कुठे होतो' शोधण्यात पाच मिनिटं जातात. एका कामातून दुसऱ्यात उडी मारली तरी मनाचा एक भाग आधीच्या कामातच अडकून राहतो, यावर सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये लिहिलं आहे. उठायच्या आधी फाईलवर पेन्सिलीने पुढची पायरी लिहा: 'सातबारा तपासला, आता जामीनदाराची सही'. हे लिहायला पाच सेकंदं लागतात. डोकं मोकळं करून ग्राहकाशी बोलता येतं, आणि संध्याकाळी घरी येताना थकवाही कमी वाटतो.

आजीच्या आजाराची धास्ती मी समजू शकते. पण तुम्हाला किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही, आणि ते तुम्हाला खुपतं, यात आणि स्मृतिभ्रंशात फरक आहे. तिथे किल्ली कशासाठी असते हेच माणूस विसरतो, ओळखीच्या रस्त्यावर हरवतो, तोच प्रश्न दहा मिनिटांत चौथ्यांदा विचारतो, आणि बहुतेक वेळा काळजी त्याच्यापेक्षा घरच्यांना असते. आजीला उतारवयात झाला म्हणून तुम्हाला होणारच असं नाही. २०२४ मध्ये लॅन्सेट आयोगाने जगभरातल्या संशोधनावरून १४ कारणं मांडली, ज्यांना आवर घातला तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू किंवा लांबू शकतात. त्यात रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, धूम्रपान, नैराश्य, एकटेपणा आहे, आणि कमी ऐकू येणंही आहे. तुमच्या सासूबाई टीव्हीचा आवाज फार मोठा ठेवतात असं तुम्ही लिहिलंय. त्यांचे कान तपासून घ्या. ज्याला नीट ऐकू येत नाही तो हळूहळू बोलण्यातून बाहेर पडतो, आणि एकटा पडतो.

रोज अर्धा-पाऊण तास जोरात चाला, जमेल तसं. २०११ मध्ये अमेरिकेत १२० ज्येष्ठांवर झालेल्या अभ्यासात वर्षभर आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला आढळला होता. नंतरचे सगळे निकाल इतके ठळक नाहीत, पण झोप आणि मन यांच्यावर चालण्याचा परिणाम मला रोज दिसतो. स्टॉपपासून घरापर्यंत चालत या, आणि चालताना दिवसभराचं काय शिकलात ते पुटपुटा.

मुलाला सिरप नको. नावाजलेल्या गिंकोचीच गोष्ट सांगते: अमेरिकेत तीन हजारांवर ज्येष्ठांना कित्येक वर्षं दिलं, आणि २००८ मध्ये निकाल आला की स्मृतिभ्रंश टळण्यात काहीही फरक पडला नाही. ब्राह्मीवर काही छोट्या चाचण्यांत थोडा गुण दिसलाय, पण तो मोठ्या माणसांत आणि बारा-बारा आठवड्यांनंतर. दहा वर्षांच्या मुलाला नऊ तास झोप, सकाळी पोटभर नाश्ता आणि संध्याकाळी मैदान द्या. रात्री जेवताना त्याला विचारा, 'आज शाळेत काय नवीन कळलं, मला शिकव बघू.' त्याचा तो परवचा होईल, आणि तुमच्या कार्डांतली दोन त्याला विचारायला द्या. मुलांना आईची परीक्षा घ्यायला फार आवडतं.

पहिल्या आठवड्यात सगळं एकदम सुरू करू नका. तपासणी, साडेदहाची झोप आणि १३८ची कार्डं, एवढंच. रिपोर्ट हाती आले की बी-१२ आणि टीएसएचचे आकडे मला कळवा, आणि शनिवारी बसमधून उतरताना पुढच्या कप्प्यात किती कार्डं उरली होती, तेही लिहा.